कुठलं पॉलिश किती कापतं : भंगारातल्या बॉनेटवरची मोजदाद

माझी गाडी काळी आहे. काळी गाडी घेऊ नका असं शोरूममधला पोरगासुद्धा म्हणाला होता, पण तेव्हा ऐकलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी ती पॉलिश करायला दिली. संध्याकाळी आणायला गेले तर बॉनेटमध्ये समोरच्या गॅलरीत वाळत घातलेली साडी काठासकट दिसत होती. पैसे दिले, खूश होऊन घरी आले. मग तीन वेळा गाडी धुतली आणि चौथ्या रविवारी सकाळच्या उन्हात बघितलं, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे सगळे जुने ओरखडे जागच्या जागी. वर बफिंग मशीनचे नवे गोल गोल पट्टे, ऊन तिरकं पडलं की सापासारखे वळवळणारे. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कडेवर बोटाच्या पेराएवढी जागा पांढुरकी, खरबरीत. तिथला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, संपला होता. परत जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, इंपोर्टेड पॉलिश मारलंय, भारीतलं."

भारीतलं म्हणजे कापणारं किती? ते त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं, आणि याची मला जास्त लाज वाटली. कारण घासणं-चकाकवणं हेच मी एकोणतीस वर्षं केलंय. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये मी होते. रोज सकाळी बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पाच-सहा तुकडे यायचे. ते १/०, २/०, ३/०, ४/० अशा चढत्या बारीक पॉलिश पेपरवर घासायचे, मग मखमली कापडाच्या फिरत्या चकतीवर अॅल्युमिनाचं पांढरं पाणी सोडून आरशासारखे करायचे आणि मायक्रोस्कोपखाली ग्रॅफाइट कसं पडलंय ते बघायचं. पहिल्या आठवड्यात आमच्या सीनियर बाईंनी एकच गोष्ट शिकवली : पेपर बदलला की तुकडा आडवा फिरव. आधीच्या पेपरचे चरे उभे, नव्याचे आडवे. उभे सगळे गेले की या पेपरचं काम झालं, पुढचा घे. नाहीतर कुठला चरा कुणाचा हे कळायचंच नाही.

गाडीच्या पॉलिशची मोजदाद मी याच एका युक्तीवर केली. तुम्हीही घरी करू शकता. साधारण दोन रविवार जातात.

आधी, आपण नक्की काय घासतोय

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरा, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवल्याएवढा सगळा मामला. त्यात सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. चमक त्याची, आणि उन्हापासून रंग वाचवायचं कामही त्याचंच. आपण पॉलिश करतो म्हणजे हा थर खरवडून कमी करतो. दुसरं काही नाही. ओरखडा "भरून" येत नाही. त्याच्या आजूबाजूचा डोंगर कापून आपण दरीच्या तळाला आणतो.

कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर हा थर मुळातच पातळ बसतो. माझ्या दाराची कड तशीच गेली.

जुन्या गाड्यांत, पद्मिनी किंवा अँबॅसिडरच्या काळातल्या, वेगळा क्लिअर कोट नसायचा. रंगच घासला जायचा. ओळखायची खूण सोपी : पांढऱ्या कापडावर पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर क्लिअर नाही. माझ्या दाराच्या त्या पेराएवढ्या जागेवर कापड काळं होतं, बाकी सगळीकडे नाही.

डब्यावरच्या नावाचा काही उपयोग नाही

बाजारात मिळतं ते असं : रबिंग कंपाउंड, कटिंग कंपाउंड, पॉलिश, फिनिशिंग पॉलिश, ग्लेझ, क्लीनर, क्लीनर वॅक्स, स्क्रॅच रिमूव्हर. ऐकताना वाटतं की खडबडीतकडून गुळगुळीतकडे अशी उतरंड असेल. तशी ती एका कंपनीच्या आत असते, दोन कंपन्यांत नसते. एकीचं "पॉलिश" दुसरीच्या "कंपाउंड"पेक्षा जास्त कापू शकतं. काही कंपन्या बाटलीवर कट आणि ग्लॉसचे आकडे छापतात, पण ते त्यांच्या घरचे आकडे.

नंबरांचंही तेच. मेंझेर्ना कंपनीचं ४०० नंबरचं कंपाउंड जोरात कापणारं आणि ३८०० नंबरचं अगदी शेवटचा हात फिरवायचं, म्हणजे वॉटर पेपरसारखंच (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर), आकडा वाढला की बारीक. मेग्वायर्स या दुसऱ्या कंपनीचं १०५ कापणारं आणि २०५ बारीक. तेही चढत्या क्रमानेच झालं, म्हणून कुणी ४०० आणि २०५ समोरासमोर ठेवून "२०५ जास्त कापत असणार" म्हणेल, तर सपशेल उलटं होईल. हे नंबर म्हणजे मालाची नावं आहेत, पेपरचे ग्रेड नाहीत.

गंमत म्हणजे टूथपेस्टला अशी समाईक मोजपट्टी आहे. दाताच्या आतल्या थरावर पेस्ट किती झिजवते याला आरडीए म्हणतात. एक ठरावीक पावडर १०० धरायची आणि तिच्या तुलनेत बाकीच्यांना आकडा द्यायचा. २५० च्या वर पेस्ट जाऊ नये असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. चाळीस रुपयांच्या ट्यूबला हे आहे आणि हजार रुपयांच्या गाडीच्या पॉलिशला नाही.

म्हणून आपली मोजपट्टी आपणच करायची, आणि ती म्हणजे वॉटर पेपर. पेपरचे ग्रेड ठरलेले असतात. पी १५०० च्या पेपरवरचा कण सरासरी साडेबारा मायक्रॉनचा, पी २००० चा दहाच्या जरा वर, पी २५०० चा साडेआठच्या आत. मुद्दाम माहीत असलेले चरे पाडायचे आणि कुठलं पॉलिश कुठल्या पेपरचे चरे किती घासण्यात घालवतं ते मोजायचं.

बॉनेट

स्वतःच्या गाडीवर हे करू नका. मी उद्यमनगरात आमच्या नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रींकडे गेले. अपघातातल्या गाडीचं एक काळं बॉनेट त्यांच्या मागच्या भिंतीला टेकून होतं, पुढून चेपलेलं, पण मधला भाग सपाट. म्हणाले, "न्या की ताई, भंगारात चारशे येत्यात त्याचं." मी चारशे दिले. कारखान्याचाच रंग असलेलं बघून घ्या. गॅरेजमध्ये पुन्हा मारलेल्या रंगाचा कठीणपणा वेगळा असतो, आणि खाली लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा) भरलेली असेल तर भलतंच. मिस्त्रींकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर लावून बघा. दोनशेच्या वर गेलं की ते पुन्हा रंगवलंय असं समजा, आणि लांबी असेल तर आकडा आणखी कितीतरी वर जातो. रंग काळा किंवा गडदच हवा. पांढऱ्यावर ओरखडे दिसतच नाहीत, म्हणून तर शहाणी माणसं पांढरी गाडी घेतात.

मी काय करणार हे सांगितल्यावर मिस्त्री हसले. "अवो ताई, कंपाउंड बोटानंच कळतंय की. अंगठ्याच्या नखावर घासून बघायचं." त्यांच्या तीस वर्षांच्या बोटांना मी कमी लेखत नाही. पण त्या दिवशी दोन डबे मी त्यांच्याच नखावर दिले. एक त्यांचं नेहमीचं रबिंग कंपाउंड, ते लगेच "हां, ह्यो खरखरतोय" म्हणाले. दुसरं नवं कटिंग कंपाउंड. "ह्यो लोणी हाय, ह्यो काय कापतोय." नंतर बॉनेटवर हे लोणी त्या खरखरीच्या बरोबरीनं कापत निघालं. बारीक कण तेलात बुडवले की बोटाला कळत नाहीत. दोन-तीन मायक्रॉनचे कण भरपूर असतील तर ते शांतपणे पुष्कळ कापतात.

मांडणी

बॉनेट शांपूने धुवा, पुसा, आणि मास्किंग टेपने दहा-दहा सेंटिमीटरचे चौकोन पाडा. मी तीन ओळी केल्या : वरची पी १५०० ची, मधली पी २००० ची, खालची ३००० च्या पेपरची. रबराच्या सपाट ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, बॉनेटच्या उभ्या दिशेनेच घासायचं. गोल नाही, तिरकं नाही. प्रत्येक चौकोनाला वीस हात. काळा रंग दुधी राखाडी झाला पाहिजे, सगळीकडे सारखा. पेपर दोन चौकोनांनंतर बदला. थकलेला पेपर पहिल्या चौकोनात एक चरे पाडतो आणि सहाव्यात दुसरे.

प्रत्येक ओळीत एक चौकोन तसाच ठेवा, काहीही न लावता. शेवटी तुलनेला लागतो. मी पहिल्या खेपेला ठेवला नाही आणि अर्धा रविवार वाया गेला.

आता सगळ्यांत महत्त्वाचं : पॉलिश सोडून बाकी सगळं सारखं. कापड, दाब, मात्रा, हात.

कापड म्हणजे एकाच जुन्या पांढऱ्या सुती बनियनचे सारखे तुकडे. प्रत्येक पॉलिशला नवा तुकडा, कारण एकाचा कण दुसऱ्यात गेला तर हिशेब बुडाला. दाबासाठी मी किराणा दुकानातलं एक किलोचं लोखंडी माप वापरलं. लाकडी ठोकळ्याला खाली कापड ताणून बांधायचं, वर माप सुतळीने बांधायचं, आणि हाताने फक्त पुढे-मागे सरकवायचं, दाबायचं नाही. कापत नाहीसं वाटलं की माणूस नकळत जोर लावतो. लॅबमध्ये नव्या पोरी हेच करायच्या. मात्रा औषधाच्या सिरिंजने एक मिली. दाट कंपाउंड सिरिंजमध्ये येत नाही, ते पाव चमचा सपाट. आणि सगळं सावलीत. उन्हात बॉनेट तापलं की पॉलिशमधलं तेल-पाणी उडतं आणि कोरडे कण घासले जातात.

मग चरे उभे असतील तर आडवं घासा. पन्नास हात, पुढे एक मागे एक मिळून एक धरायचा. पुसा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्याने पुन्हा पुसा. ही पायरी गाळू नका, तिचं कारण पुढे येतंय. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, आणि भिंग असेल तर भिंगाखाली. माझ्याकडे लॅबमधून निवृत्तीला मिळालेलं दहा पटीचं भिंग आहे. उभे चरे उरलेत का? उरले असतील तर आणखी अर्धा मिली आणि आणखी पन्नास हात.

वहीत दोन गोष्टी लिहायच्या. पहिली, उभे चरे जायला किती हात लागले. हा झाला काप. दुसरी, आडव्या दिशेला पॉलिशने स्वतःचे चरे किती पाडले. ही झाली खूण. लोक फक्त पहिली बघतात. बफिंगवाल्यांनी माझ्या गाडीवर तीही बघितली नव्हती.

वहीत काय निघालं

मी सात वस्तू घासल्या. नावं देत नाही, कारण एक बॉनेट, एक बाई आणि एक किलोचं माप यावरून कुणाच्या मालाला बरं-वाईट म्हणणं बरोबर नाही. तुमच्या गाडीचा क्लिअर कोट माझ्यापेक्षा कठीण किंवा मऊ असेल, तुमचे आकडे वेगळे येतील. क्रम मात्र बहुतेक तोच राहील.

मिस्त्रींच्या रबिंग कंपाउंडने ३००० चे चरे शंभर हातांत घालवले आणि २००० चे तीनशेत. पण त्या जागी स्वतःचे आडवे चरे असे पाडले की टॉर्चखाली चौकोन पुन्हा धुरकट. काप भरपूर, खूण त्याहून भरपूर. "लोणी" कंपाउंड ३००० ला एकशेवीसच्या आसपास आणि २००० ला तीनशेच्या जरा वर, म्हणजे जवळजवळ तेवढंच. खूण मात्र भिंगाशिवाय दिसेना. फरक कुठे आहे? कण एकसारख्या मापाचे असले की सगळे मिळून थोडं थोडं कापतात. मापात घोळ असला की दहा बारीक कणांत एक दांडगा निघतो आणि तोच खोल नांगरतो.

पी १५०० चे चरे हाताने, सुती कापडाने, कशानेच गेले नाहीत. चारशे हातांनंतर मी थांबले, खांदा भरून आला होता. तेव्हा "हाताने लावा, सगळे ओरखडे गायब" असं लिहिलेल्या ट्यूबवर किती भरवसा ठेवायचा ते यावरून ठरवा.

फिनिशिंग पॉलिशने ३००० चे चरे अडीचशेत घालवले, २००० ला हातच लावला नाही, खूण जवळपास शून्य. हे अपेक्षित होतं.

आता सातातली सगळ्यांत मजेशीर बाटली. "स्वर्ल आणि बारीक ओरखडे घालवणारं पॉलिश." स्वर्ल म्हणजे तेच कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे. २००० च्या चौकोनावर पन्नास हात आणि चौकोन काळाभोर! मी मिस्त्रींना फोन करणार होते. मग अल्कोहोलच्या पाण्याने पुसलं, आणि दुधी चौकोन पुन्हा जसाच्या तसा. चरे कापलेच नव्हते, तेलाने आणि मऊ भुकटीने बुजवले होते. गुळगुळीत दिसायचं ते तेवढ्यापुरतं, दोन-तीन धुण्यांपर्यंत. माझ्या गाडीचं दिवाळीत काय झालं ते मला त्या क्षणी कळलं. अशी बाटली वाईट असते असं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी चमकवायची असेल तर क्लिअर कोट न घटवता चमक देते, यापेक्षा चांगलं काय? फक्त पैसे घेताना तसं सांगा.

क्लीनर नावाचा गोंधळ

दोन क्लीनर घासले. दोघांवर शब्द तोच, आत दोन वेगळे प्राणी. पहिला पातळ, रॉकेलसारख्या वासाचा. दोनशे हातांनंतरही ३००० चे चरे तसेच. पण बॉनेटच्या कडेला डांबराचा जो ठिपका होता तो दोन पुसण्यांत गेला. हा विरघळवणारा क्लीनर, कापत काहीच नाही. दुसरा दुधी, दाटसर. त्याने ३००० चे चरे तीनशे हातांत बरेच कमी केले. त्यात कण आहेत, म्हणजे तो नावाने क्लीनर आणि कामाने सौम्य पॉलिश. दर महिन्याला "नुसतं क्लीन करतोय" म्हणून हा वापरणारा माणूस दर महिन्याला क्लिअर कोट कापतोय. क्लीनर वॅक्समध्येही पुष्कळदा असेच कण असतात.

घरच्या घरी ओळखायचं तर काचेवर. लॅबवाल्यांकडे काचेच्या स्लाइड असतात, तुमच्याकडे जुन्या फोटोफ्रेमची काच असेल. दोन तुकड्यांमध्ये थेंब ठेवून घासा आणि कान द्या. करकर ऐकू आली तर कण मोठे. काच धुऊन टॉर्चखाली धरा. चरे उमटले असतील तर कण काचेहून कठीण : कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर काच साडेपाचच्या आसपास, गार (क्वार्ट्झ) सात, अॅल्युमिनियम ऑक्साइड नऊ. चरे नाही उमटले तर मात्र कण नाहीत असं समजू नका. खडूची भुकटी तीनवर आहे, काचेला काही करत नाही, पण क्लिअर कोट काचेपेक्षा फार मऊ, त्याला ती पुरेशी आहे.

मी आणखी एक करून बघितलं, टेस्टट्यूबमध्ये. पाव चमचा माल, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, हलवायचं आणि उभं ठेवायचं. मोठा कण लवकर बुडतो, आणि वेग कणाच्या व्यासाच्या वर्गात वाढतो. दहा मायक्रॉनचा गारेचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला अठरा-एकोणीस मिनिटं घेतो, एक मायक्रॉनचा तीस तास. रबिंग कंपाउंडचा तळ चहा होईपर्यंत दिसायला लागला. बाकीच्या नळ्या दुसऱ्या दिवशीही दुधाळ. ऐकायला छान, पण यावरून निकाल देऊ नका. पॉलिशमध्ये कण खाली बसू नयेत म्हणूनच घट्टपणा आणणारे पदार्थ घातलेले असतात, आणि बुडण्याच्या वेगावरून कण कठीण की मऊ हे कळत नाही. मला ट्यूब दिसली की राहवत नाही, एवढंच.

टूथपेस्टही घासली, कारण प्रत्येक भाऊजी तो उपाय सांगतात. पांढऱ्या पेस्टने ३००० चे चरे थोडे पुसट केले, स्वतःची धूसर खूण ठेवली, आणि वाळल्यावर पत्र्याच्या घडीत पांढरी रेघ जी बसली ती दात घासायच्या ब्रशनेच काढावी लागली. लाल मंजन मी घासलं नाही. त्यात गेरू असतो, आणि गेरू म्हणजे माती.

मशीन असेल तर

हाताचे आकडे मशीनला लावू नका. लोकरीचं पॅड, जाड फोम, मऊ फोम, यांनी एकच पॉलिश तीन पॉलिशांसारखं वागतं. शिवाय काही कंपाउंडांतले कण घासताना फुटून बारीक होत जातात. सुरुवातीला कापतात, शेवटी चकाकवतात. हाताच्या दाबाने ते पुरते फुटत नाहीत, म्हणून हाताच्या परीक्षेत अशा मालाची खूण वाजवीपेक्षा जास्त दिसते. मेग्वायर्सच्या १०५ सारख्या न फुटणाऱ्या कणांच्या मालाला हा अडथळा नाही. मशीनवर तुलना करायची तर बॉनेट, पॅड, वेग, आणि प्रत्येक चौकोनावरून मशीन किती वेळा नेलं ते सगळं सारखं ठेवा. फक्त मापाऐवजी तुमचा हात असेल, तेव्हा एकाच बैठकीत उरका, नाहीतर दुसऱ्या रविवारी हाताचा मूड वेगळा असतो.

जाडीच्या यंत्राने "किती मायक्रॉन गेले" मोजायचा मोह मला झाला होता. मिस्त्रींच्या यंत्राचं टोक एकाच जागी पाच वेळा टेकवलं तर दोन मायक्रॉन इकडे-तिकडे दाखवतं. एक वेळचं पॉलिश त्याहून कमी कापतं. यंत्र लांबी शोधायला ठेवा.

मग गाडीवर

वहीतल्या क्रमाने, सर्वांत कमी कापणाऱ्यापासून सुरू करायचं. टेपने एक-दीड वीत चौकोन पाडून त्यात बघायचं. जमलं तर तेच सगळीकडे, नाही जमलं तर एक पायरी वर.

पण आधी गाडी खरंच स्वच्छ करा. आमच्याकडे फौंड्रीच्या बाजूला गाडी उभी राहिली की लोखंडाची बारीक धूळ रंगात रुतून तांबूस ठिपके येतात. हंगामात पाचट पेटवली की काजळी येते ती वेगळी. धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा, खर लगेच लागतो. तो खर न काढता पॉलिश केलं तर तुम्ही पॉलिशने घासत नाही, लोखंडाच्या किसाने घासताय. लोखंड विरघळवणारा क्लीनर मारला की ठिपक्यांतून जांभळं पाणी ओघळतं, मग क्ले (रंगात रुतलेला कचरा उचलणारी मऊ वडी) फिरवायचा, मग धुवायचं, आणि त्यानंतर पॉलिश.

माझ्या गाडीला फिनिशिंग पॉलिश पुरलं. बफिंगचे सापासारखे पट्टे त्यानेच गेले, तीन संध्याकाळ लागल्या. कडांवर आणि घड्यांवर टेप लावून ठेवली होती, तिथे काहीच घासलं नाही. दाराच्या पांढुरक्या पेराला पॉलिशचा उपाय नाही, तिथे मिस्त्रींनी क्लिअरचा हात दिला.

पेट्रोलच्या झाकणाशेजारी एक ओरखडा आहे, कुणाच्या तरी चावीचा. नख आडवं नेलं की त्यात अडकतं. नख अडकलं म्हणजे तो इतका खोल आहे की त्याच्या तळापर्यंत बाकीचं सगळं कापून आणण्यात अर्थ नाही. तो तसाच ठेवलाय.

बॉनेट परत मिस्त्रींच्या भिंतीला टेकून आहे. सात रकाने मार्करने लिहिलेले आहेत, दोन ओळी रिकाम्या. परवा ते नवा डबा घेऊन आले, नखावर घासून बघितला, आणि मग म्हणाले, "ताई, त्ये किलोचं माप कुठं ठिवलंय?"